विषय: ताप-पिशव्या – थर्मामीटर सेल्सिअसचे निघालेत, शुक्रवारच्या आत ठरवा

प्रेषक: मेधा (खारघर)
मंगळवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार.

मेलबर्नहून दोन्ही बॅगा पोचल्या. आज सगळं उघडून मोजलं. थर्मामीटर ६० आहेत, एकही फुटलेला नाही, सगळे चालू होतात. पण सगळे फक्त सेल्सिअस दाखवतात. श्रीकांतकाकांकडे ठाण्याला जी कार्डं छापून पडली आहेत त्यांवर तापाचा आकडा फॅरनहाइटमध्ये, १००.४ आहे. शनिवारी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) मुलांची ११ कुटुंबं मेंटेनन्सला, म्हणजे घरी राहून गोळ्या घ्यायच्या टप्प्याला, गावी निघतील, त्यांच्या हातात थर्मामीटर आणि कार्ड घातलेल्या पिशव्या द्यायच्या आहेत. कार्ड बदलायचं की थर्मामीटर, ते शुक्रवारपर्यंत सांगा. दोन्ही तसंच ठेवून पिशवी देणार नाही.

मेधा

---

प्रेषक: विद्याधर (मेलबर्न)

मेधाताई, ऑर्डर देताना माझ्याकडून पाहायचं राहिलं, माफ करा. इथे दुकानात सेल्सिअसचेच मिळतात. बटण दाबून धरलं की बऱ्याच मॉडेलमध्ये फॅरनहाइट येतं. चालू केल्यावर लगेच तीन-चार सेकंद दाबून बघाल का?

नाहीतर मागच्या बाजूला स्टिकर लावू: ३८.० म्हणजे १००.४, ३८.३ म्हणजे १००.९. स्टिकर इथून आजच पाठवतो.

---

प्रेषक: मेधा (खारघर)

बटण दाबून पाहिलं. पाच नग वेगवेगळ्या खोक्यांतले घेतले, एकाही मॉडेलमध्ये सोय नाही. खोक्यावर फॅरनहाइटचं चिन्हच नाही, म्हणजे नसणारच.

स्टिकरने काम होणार नाही. रात्री दोनला मूल तापलं की आई फोन लावते आणि आकडा सांगते. ती "अडतीस पॉइंट चार" म्हणाली तर वॉर्डातल्या सिस्टरला कळतं, कारण वॉर्डात सेल्सिअस चालतं. पण ती पहिला फोन वॉर्डाला करेलच असं नाही. गावातला डॉक्टर, नाहीतर मेडिकलवाला, नाहीतर घरातला जाणता माणूस. त्यांच्या डोक्यात ताप म्हणजे "शंभर-एक, शंभर-दोन". अडतीस ऐकून त्यांना वाटतं काही नाही, आणि सकाळपर्यंत थांबायला सांगतात. काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) पडलेल्या मुलासाठी ती रात्रच महाग पडते.

---

प्रेषक: श्रीकांत (ठाणे)

कार्डाच्या मजकुरावर मार्चमध्ये समितीत चर्चा होऊन तो पक्का झाला होता. ५०० कार्डं छापली आहेत, लॅमिनेशनसकट. थर्मामीटर चुकीचे आले म्हणून कार्ड बदलायचं हे मला पटत नाही. थर्मामीटर बदला.

तरी एक विचारतो. कार्डावर १००.४ आहे, पण मुंबईतल्या एका कॅन्सर युनिटने पालकांना १०१ सांगितलं आहे. बरोबर काय, ते नेहाने सांगावं.

---

प्रेषक: नेहा (मेलबर्न)

श्रीकांतकाका, दोन्ही आकडे एकाच व्याख्येतले आहेत. ताप एकदाच ३८.३ सेल्सिअसपर्यंत, म्हणजे साधारण १०१ पर्यंत गेला, किंवा ३८.० म्हणजे १००.४ तासभर टिकला, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली आहेत किंवा लवकरच जाणार आहेत, तर त्याला फेब्राइल न्यूट्रोपेनिया म्हणतात. वॉर्डात तास मोजता येतो. घरी तास मोजत बसणं म्हणजे वेळ घालवणं. शिवाय घरी बहुतेकजण काखेत लावतात आणि काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमीच येतो. म्हणून घरच्या कार्डावर खालचाच आकडा हवा आणि तो एकच हवा. "१००.४ किंवा जास्त – लगेच फोन", इतकंच. तासाची गोष्ट कार्डावर नको.

मात्र ज्या युनिटखाली मुलाचे उपचार चालू आहेत त्यांनी वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच खरा. कार्डावर एक चौकट मोकळी ठेवा. सिस्टर पेनने आकडा लिहील आणि सही करेल. आईने एकाच पिशवीत दोन आकडे वाचले तर ती दोन्हींवरचा विश्वास गमावते.

आणखी एक. पोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवलेली नळी) असलेल्या मुलाला ती लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे धुतल्यावर, थंडी वाजून कापरं भरलं तर ताप नसला तरी लगेच जायचं. ही ओळ कार्डावर आहे का?

---

प्रेषक: श्रीकांत (ठाणे)

नाही, ती ओळ नाही. चौकटही नाही.

---

प्रेषक: प्रदीप (वाशी)

पिशवीत पॅरासिटामॉलचं सिरप टाकूया का? ताप आला की निदान दवाखान्यात पोचेपर्यंत मुलाला आराम पडेल.

---

प्रेषक: नेहा (मेलबर्न)

प्रदीपदादा, नको. सिरप दिलं की आकडा खाली येतो. मग आई म्हणते "उतरला" आणि गाडी काढत नाही. ताप उतरला तरी रक्तातला जंतू तिथेच असतो. आधी मोजायचं, फोन करायचा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच द्यायचं. ब्रुफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर अजिबात नाही, प्लेटलेट कमी असल्या तर रक्तस्राव वाढतो. गुदद्वारात थर्मामीटर घालायचा नाही, हेही लिहा.

कपाळाला धरायची पिस्तूलही नको. घाम असला, पंख्याखाली असलो, उन्हातून आलो, की आकडा हलतो.

---

प्रेषक: मेधा (खारघर)

नेहाचं बरोबर आहे, सिरप नाही. मग थर्मामीटर ठाण्याहून नवे घ्यावे लागतील, फॅरनहाइटचे, काचेचे नकोत. पारा सांडला की लहान घरात तो गोळा करणं अवघड. बटण-सेल एलआर४१ चा जास्तीचा एक प्रत्येक पिशवीत घाला, गावात तो मिळत नाही. मात्र गिळता येतो म्हणून कागदाच्या पुडीत नको, चिकटपट्टीने कार्डाच्या मागे लावा आणि उंचावर ठेवायला सांगा.

कार्डाबद्दल एक मोठी अडचण आहे, ती कोणी पाहिली नाही. आकडे मराठी लिपीत छापले आहेत, थर्मामीटरवर मात्र इंग्रजी दिसतात. हिंदी-मराठी वाचणाऱ्यांना चालतं, पण इथे बंगालमधून येणारी कुटुंबंही खूप आहेत. बंगालीतला चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि सात हा इंग्रजी नवासारखा. शंभर पॉइंट चार बंगालीत छापलं तर घाईत ते शंभर पॉइंट आठ वाचलं जाईल. म्हणून आकडे थर्मामीटरच्या पडद्यावर दिसतात तसेच, त्याच चौकोनी अक्षरांत, प्रत्येक भाषेच्या कार्डावर छापा. शेजारी पडद्याचं चित्र. ते चित्र कुठल्याही भाषेत वाचता येतं.

काका, म्हणजे कार्डं परत छापावी लागतील. वाईट वाटतंय, पण पर्याय नाही.

---

प्रेषक: श्रीकांत (ठाणे)

जुन्या कार्डांचा कोरा मागचा भाग गोळ्यांच्या तक्त्याला वापरू, म्हणजे छपाई वाया जाणार नाही. पुढची बाजू नव्याने छापून वरून चिकटवू. पण हा तक्ता कोण तपासणार? मागच्या वेळी मी एकट्याने केला आणि नंतर दुरुस्त्या आल्या.

---

प्रेषक: नेहा (मेलबर्न)

मी तपासते. तक्त्यात डोस छापू नका, काही झालं तरी. ल्युकेमियाच्या मेंटेनन्समध्ये सिक्स-एमपी (मर्कॅप्टोप्युरिन) रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, अशी कर्करोगाची दोन औषधं असतात, आणि काउंट बघून दर भेटीला डोस खालीवर होतो. सिक्स-एमपीची ५० मिलिग्रॅमची गोळी, म्हणून आठवड्याचा डोस जुळवायला "एक दिवस एक, एक दिवस अर्धी" असं लिहून देतात. काही मुलांच्या शरीरात एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक असतो, आपल्या आशियाई लोकांमध्ये तो युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्यांना नेहमीच्या डोसनेही काउंट एकदम खाली येतो. छापलेला डोस या मुलांसाठी घातक ठरू शकतो.

मेथोट्रेक्सेटबद्दल दोन गोष्टी मोठ्या अक्षरात. एक, हे रोजचं औषध नाही. आठवड्याचा वार लिहायचा आणि त्याभोवती गोल करायचा. दुसरी, गोळीची ताकद. अडीच मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या म्हणजे १५ मिलिग्रॅम. मेडिकलवाल्याने १० मिलिग्रॅमची पट्टी दिली आणि आईने सवयीने सहा मोजल्या तर ६० होतात. म्हणून तक्त्यात "किती गोळ्या" या रकान्याच्या आधी "गोळी किती मिलिग्रॅमची" हा रकाना हवा, आणि पट्टी बदलली तर न देता फोन करायचा. सेप्ट्रान (जंतुसंसर्ग टाळायचं औषध) ठराविक वारीच असतं, त्यालाही वेगळा रकाना द्या, नाहीतर तीन औषधांची गल्लत होते.

गोळी अर्धी करायला खलबत्ता नको, कटर ठेवा. गरोदर बाईने या गोळ्या तोडू नयेत. कटर दुसऱ्या औषधांना वापरायचा नाही.

---

प्रेषक: प्रदीप (वाशी)

> सिक्स-एमपी रोज

दुधाबरोबर देऊ नये, रात्री रिकाम्या पोटी द्यावी, असं पूर्वीपासून ऐकतो. तक्त्यात घालायचं का?

---

प्रेषक: नेहा (मेलबर्न)

घालू नका. दुधात गोळीचा परिणाम कमी करणारं एन्झाइम आहे म्हणून तसं सांगत असत. अमेरिकेतल्या चिल्ड्रन्स ऑन्कॉलॉजी ग्रुपने मेंटेनन्समधल्या मुलांच्या गोळ्यांच्या सवयी तपासल्या, बाटलीच्या झाकणात चिप बसवून, झाकण कधी उघडलं याची नोंद ठेवून. दूध, जेवण, वेळ यांचा आजार उलटण्याशी संबंध दिसला नाही. फरक पडला तो चुकलेल्या गोळ्यांचा. ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेतलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका वाढला. आणि पालकांनी सांगितलेलं आणि चिपने सांगितलेलं यात पुष्कळ वेळा फरक होता, चिपचा आकडा कमी.

म्हणून तक्त्यावर एकच नियम: रोज एका ठरलेल्या वेळेला. दूध टाळायच्या नादात मूल उपाशी झोपलं आणि गोळीच राहून गेली तर नुकसान जास्त.

---

प्रेषक: विद्याधर (मेलबर्न)

झाकणाची कल्पना आवडली. आपणही प्रत्येक पिशवीत एक छोटा फॉर्म ठेवूया का? ताप किती वेळा आला, फोनला किती वेळ लागला, गोळ्या चुकल्या का. सहा महिन्यांनी परत घेऊन त्याचा छोटासा संशोधन अहवाल करता येईल. आपल्या ऑस्ट्रेलियातल्या मंडळाच्या देणगीदारांनाही दाखवता येईल.

---

प्रेषक: मेधा (खारघर)

विद्याधर, नाही. आजारी मुलांची माहिती गोळा करायची म्हटलं की ते संशोधन होतं, आणि संशोधनाला एथिक्स कमिटीची मान्यता लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची लेखी संमती, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलांची तोंडी, आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी मान्यता. हे आपण पिशवीतल्या चिटोऱ्यावर करू शकत नाही. आणि फॉर्म भरला नाही तर पिशवी काढून घेतील, मग उपचारही बंद होतील, असं बऱ्याच घरांना वाटतं. देणाऱ्याच्या हातातली कुठलीही नोंद त्यांना अट वाटते.

ज्यांना या प्रश्नावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी आपल्या देशात वाट आहे. आयसीआयसीएलई-एएलएल-१४ हा ल्युकेमियाच्या मुलांवरचा अनेक रुग्णालयांचा भारतातला अभ्यास २०१६ पासून चालू झाला, आणि प्रत्येक केंद्राची आपली कमिटी असते. आपल्याकडे उपचाराच्या काळात जंतुसंसर्गाने आणि मध्येच सुटलेल्या उपचारांनी खूप मुलं हातची जातात. त्यातला घरच्या मोजणीचा तुकडा आपण उचलतोय, तेवढाच आपला भाग.

---

प्रेषक: विद्याधर (मेलबर्न)

फॉर्म मागे घेतो. ठीक आहे.

नवे थर्मामीटर आणि छपाईसाठी मंडळाच्या खात्यातून काकांच्या खात्यावर पैसे पाठवू का? आज केलं तर गुरुवारी जमा होतील.

---

प्रेषक: श्रीकांत (ठाणे)

माझ्या खात्यावर नको. मंडळ ऑस्ट्रेलियात नोंदलेलं आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत परदेशी स्रोत. एफसीआरए २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी असलेल्या संस्थेनेच असे पैसे घ्यायचे, आणि तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या संस्थेने ते पैसे दुसऱ्या संस्थेला वाटून देणंही बंद आहे. म्हणजे आपल्या ओळखीच्या एका संस्थेत टाकून पुढे दुसरीकडे द्यायची जुनी पद्धत आता नाही.

जो आधार आहे तो एवढाच: भारतीय पासपोर्टवाल्या सभासदाने आपल्या बचतीतून बँकेमार्गे दिलेले पैसे परदेशी योगदान धरत नाहीत. पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा झाला की तो माणूस परदेशी स्रोत, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. दोन्ही प्रकारच्या देणाऱ्यांच्या याद्या वेगळ्या ठेवा आणि त्या मिसळू नका.

मुख्य म्हणजे वस्तूसुद्धा यात येतात. त्या ६० थर्मामीटरांची किंमत, नग आणि कोणी दिले याची यादी मला द्या. नोंदणी असलेल्या संस्थेकडेच ते सोपवू, म्हणजे त्यांच्या एफसी-४ या वार्षिक विवरणपत्रात नोंद होईल.

---

प्रेषक: विद्याधर (मेलबर्न)

समजलं. भारतीय पासपोर्टवाले आम्ही चौघे इथे आहोत. प्रत्येकजण स्वतःच्या खात्यातून पाठवेल. कुणाला आणि किती?

---

प्रेषक: श्रीकांत (ठाणे)

छपाईवाल्याच्या आणि औषधवाल्याच्या बिलाची रक्कम उद्या दुपारी कळवतो. आज काही पाठवू नका.

---

प्रेषक: मेधा (खारघर)

शुक्रवारची कामं लिहून ठेवते, ज्याने त्याने आपलं नाव पाहावं.

काका: ३० फॅरनहाइट थर्मामीटर, फक्त डिजिटल, खोक्यावर चिन्ह पाहून. प्रत्येकी एक जास्तीचा सेल, चिकटपट्टी. सगळे थर्मामीटर एकाच माणसाच्या काखेत एकामागून एक लावून आकडे एकमेकांशी ताडून घ्या, एखादा अर्धा अंश खाली दाखवत असेल तर बाजूला काढा.

नेहा: कार्डाच्या पुढच्या बाजूचा मजकूर तुझ्या हातचा उद्या सकाळी हवा. क्रम असा ठेव: आकड्याची चौकट, मग फोन नंबरची रिकामी ओळ, मग थंडी-कापऱ्याची ओळ, मग काय द्यायचं नाही. फोन नंबर वॉर्डाची सिस्टर लिहील, आपण छापायचा नाही, बदलतो.

प्रदीप: हिंदी आणि बंगाली वाचून घ्यायला त्या भाषेतला एकजण. भाषांतर यंत्राकडून घेतलंस तरी एका आईला वाचून दाखव आणि "काय करशील" असं विचार. "समजलं का" विचारू नकोस.

सेल्सिअसवाले ६० वेगळ्या खोक्यात, वरून पट्टी लावून ठेवले आहेत. चुकून एकही पिशवीत जाऊ नये.

---

प्रेषक: नेहा (मेलबर्न)

मजकूर जोडला आहे. "काय करशील" असं विचारायची ओळ सिस्टरसाठी कार्डाच्या मागे घातली. थर्मामीटर हातात देऊन, आईकडून एकदा मोजून घ्या, बीप झाल्यावर काढायचा आणि आकडा तिने बोलून दाखवायचा. अर्ध्या जणी बीपच्या आधीच काढतात.

---

प्रेषक: मेधा (खारघर)

मिळाला. छपाईला गेला. शनिवारी सकाळी दहाला वॉर्डाबाहेर, प्रदीप, बंगाली वाचणाऱ्या बाईंना घेऊन ये.