खोकी बेंटलीला जाणार, पण सही कोण करणार?

प्रेषक: मेधा (चिटणीस)
नमस्कार मंडळी,
मिशिगन विद्यापीठाच्या बहुसांस्कृतिक केंद्रातून, ट्रॉटरमधून, परत फोन आला. विद्यापीठातल्या आपल्या जुन्या मराठी विद्यार्थी गटाची खोकी त्यांच्या कपाटात आहेत, ती शुक्रवारी दुपारपर्यंत हलवायची आहेत. केंद्राचे स्वतःचे जुने कागद त्याच दिवशी बेंटली लायब्ररीत, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या कागदांच्या संग्रहात, जातायत. तिथल्या बाई म्हणाल्या, व्हॅन येतेच आहे, तुमचीही द्यायची असतील तर घेऊ. फक्त डीड ऑफ गिफ्टवर, म्हणजे दानपत्रावर, सही लागेल, आणि ती ज्याची मालकी आहे त्याचीच हवी.
गट तर बंद पडलाय. शेवटची कार्यकारिणी सगळी कॅलिफोर्निया नाहीतर सिअ‍ॅटलला. आपल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची सही चालेल का? माहीत असेल त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा. गणपतीच्या हिशोबाचं या धाग्यावर नको, प्लीज.
मेधा

प्रेषक: श्रीकांत
मेधा,
अध्यक्षांनी सही करायचा संबंध काय? तो गट मंडळाचा कधीच नव्हता. विद्यापीठात स्वतंत्र नोंदलेला होता, त्यांची घटना वेगळी, खातं वेगळं. मंडळाने हॉलच्या भाड्याला मदत केली म्हणून मालकी येत नाही.
आणि हे कागद नुसते "मराठी कार्यक्रमांचे" नाहीत, हे लक्षात घ्या. ट्रॉटर हाउस आपल्यासाठी उघडलं नव्हतं. १९७०मध्ये ब्लॅक अ‍ॅक्शन मूव्हमेंटच्या मुलांनी संप करून विद्यापीठ बंद पाडलं, काळ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण १० टक्क्यांवर नेऊ असं वदवून घेतलं, त्यातून १९७१मध्ये हे घर मिळालं. विल्यम मन्रो ट्रॉटर या बॉस्टनच्या संपादकाचं नाव दिलं. पहिलं घर १९७२मध्ये जळालं, मग वॉश्टनॉ रस्त्यावरचं. १९८१मध्ये ते बहुसांस्कृतिक केंद्र झालं आणि आपल्यासारख्यांना आत पाय ठेवायला मिळाला. दुसऱ्यांनी झगडून मिळवलेल्या जागेत आपण दिवाळी केली. आपले कागद त्यांच्या कागदांशेजारी राहिले तर हे पुढच्याला दिसेल. कोणाच्या गराजमध्ये ते दिसणार नाही.
वॉश्टनॉवरच्या त्या स्वयंपाकघरात आम्ही साबुदाण्याच्या खिचडीचा घाट घातला होता. साबुदाणा म्हणून मिळाला तो टॅपिओका, पुडिंगचा. त्याचं काय झालं ते जुन्यांना आठवत असेल.
श्रीकांत

प्रेषक: राजेंद्र (स्मरणिका समिती)
मेधा, थांब जरा. त्या खोक्यांतले फोटो स्मरणिकेसाठी हवे आहेत, हे मी दोन्ही बैठकांत सांगितलंय आणि इतिवृत्तात आहे. एकदा बेंटलीत गेले की प्रत्येक फोटोसाठी नॉर्थ कॅम्पसला जाऊन वाचनकक्षात बसायचं, आपलेच फोटो आपण मागायचे.
माझा प्रस्ताव: मूळ सगळं आपल्याकडे. 'साडा' म्हणजे साउथ एशियन अमेरिकन डिजिटल अर्काइव्हला स्कॅन देऊ. २००८पासून ते हेच करतात, मूळ वस्तू कुटुंबाकडेच राहते. खोकी ठेवायला माझं बेसमेंट आहे.
राजेंद्र

प्रेषक: अनघा
मंडळी,
मी लायब्ररीत याच कामावर आहे (बेंटलीत नव्हे), म्हणून सविस्तर लिहिते.
श्रीकांतकाका म्हणतात ते बरोबर, गट मंडळाचा नव्हता. पण खोक्यांत तीन मालकांचे कागद आहेत. केंद्राच्या लेटरहेडवरची पत्रं, खोल्यांच्या बुकिंगची रजिस्टरं हे विद्यापीठाचं दप्तर. आपल्या खोक्यात असलं तरी त्यांचं. त्याला आपली सही लागत नाही आणि त्यातलं काही उचलून ठेवायचा आपल्याला हक्क नाही. गटाची इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या, पोस्टरं हे गटाचं. आणि कोणाची वैयक्तिक पत्रं, कोणी लिहिलेली एकांकिका, ते त्या त्या माणसाचं. सहीचा प्रश्न फक्त मधल्या गठ्ठ्याचा आहे. गटाच्या घटनेत विसर्जनाचं कलम असतं, नोंदणीच्या वेळी बहुतेक ठिकाणी मागतातच. त्यात शिल्लक मालमत्ता कोणाकडे जाईल हे लिहिलेलं असेल, ते आधी शोधा.
राजेंद्र, साडाचं काम मला फार मोलाचं वाटतं, पण ते खोकी सांभाळत नाहीत. एकेक वस्तू निवडून तिचं स्कॅन घेतात. गटाच्या जमाखर्चाच्या वह्या पानन्‌पान कोण निवडणार? आणि संशोधकाला नेमकं तेच हवं असतं: हॉलचं भाडं किती, तबलजीला किती दिले, देणगी कोणत्या दुकानाने दिली. फोटो सगळेच जपतात, वह्या कोणी जपत नाही. दोन्ही करता येतं. मूळ बेंटलीला, निवडक स्कॅन साडाला.
बेसमेंट नको. मिशिगनचा उन्हाळा दमट, आणि तळघरातलं पाणी उपसणारा 'संप पंप' बंद पडला की काय होतं ते इथल्या निम्म्या घरांना माहीत आहे.
आता महत्त्वाचं. खोकी उघडून "नीट लावायला" बसू नका. सगळे फोटो एकीकडे, सगळी बिलं एकीकडे, असं केलं की कोणतं बिल कोणत्या कार्यक्रमाचं हे कायमचं गेलं. ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने द्यायचं, भले तो क्रम गबाळा दिसो. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, अख्खं पान स्कॅन होतं. व्हीएचएस कॅसेट "चालते का बघू" म्हणून प्लेयरमध्ये घालू नका. आत बुरशी असेल तर टेपही जाते आणि प्लेयरही. मागे नावं लिहायची तर बॉलपेन नको, मऊ पेन्सिल. गुळगुळीत प्लास्टिकसारख्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे वेगळ्या चिठ्ठीवर नाव लिहून ती फोटोबरोबर ठेवा.
अनघा

प्रेषक: प्रसाद
अनघाताई, कॅसेटचं ठीक, पण फ्लॉपी आणि सीडींचं काय? गटाचे वार्षिक अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये केले होते, मजकूर 'शिवाजी' फाँटमध्ये. युनिकोडच्या आधीचा फाँट, फायलीत खरं तर रोमन अक्षरंच असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर उघडलं तर संपादकीयाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. बेंटलीच्या माणसाला ती फाइल खराब आहे असंच वाटेल. फाइल खराब नाही, फाँट हवा. माझ्याकडे तो आहे, एका थंबड्राइव्हवर घालून देतो. सोबत कागदावर मोठ्या अक्षरात लिहू की या फायली मराठी आहेत आणि या फाँटने उघडतात. छापील अंक असतील तर तेही द्याच, कागदाला फाँट लागत नाही.
दुसरं, गटाचा याहू ग्रुप, म्हणजे सगळ्यांना मेल जायची ती लिस्ट. याहूने २०२०मध्ये तो गाशाच गुंडाळला, मजकूर त्याआधीच पुसला होता. गटाची खरी भांडणं आणि खरे निर्णय तिथे होते, इतिवृत्तात नव्हते. ग्रुपच्या मेल कोणाच्या इनबॉक्समध्ये राहिल्या असतील तर त्याही या खोक्यांइतक्याच जपायला हव्यात.
प्रसाद

प्रेषक: राजेंद्र (स्मरणिका समिती)
प्रसाद, वार्षिक अंकांचा छापील संच स्मरणिका समितीकडे आहे. कोणी परस्पर कुठे देऊ नये.

प्रेषक: सोनल
मी या लिस्टवर फारशी लिहीत नाही, पण हे लिहिणं गरजेचं आहे.
स्टेट स्ट्रीटवरची नवी इमारत २०१९मध्ये उघडली तेव्हा मी पहिल्या वर्षाला होते. जुन्या घरातून आलेली ती खोकी मी पाहिली आहेत. त्यात फक्त पोस्टरं नाहीत. एका फाइलमध्ये नवीन आलेल्या मुलांच्या याद्या आहेत: भारतातला पत्ता, फोन, कोणाच्या आय-२०ची (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदाची) झेरॉक्स. मदतनिधीचे अर्ज आहेत, त्यात कोणाच्या घरी काय झालं, कोण आजारी पडलं, सगळं लिहिलेलं आहे. ही माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना न विचारता ते कागद कोणाही संशोधकासमोर ठेवायचे?
तरी द्यायचं नाही असं मी म्हणत नाहीये, उलट लवकर द्यायला हवं असं म्हणते. टेक्ससमध्ये सरकारी विद्यापीठांतल्या डीईआय (विविधता, समता, समावेशन) कार्यालयांवर बंदी घालणारा एसबी १७ हा कायदा १ जानेवारी २०२४ला लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र बंद झालं. युटात तसाच कायदा १ जुलै २०२४पासून, तिथेही केंद्रं बंद झाली. आपल्या विद्यापीठाने मार्च २०२५मध्ये डीईआय कार्यालय बंद केलं. ट्रॉटर चालू आहे, ते स्टुडंट लाइफ या वेगळ्या विभागाखाली येतं. माझी एक मैत्रीण दुसऱ्या राज्यात होती (विद्यापीठाचं नाव लिहीत नाही). तिथलं केंद्र बंद झालं तेव्हा भिंतीवरचे गटांचे फोटो कोणी नेले हे आजही कोणाला सांगता येत नाही. केंद्र चालू असताना आणि तिथली माणसं आपल्याला नावाने ओळखत असतानाच हे काम झालं पाहिजे.
सोनल

प्रेषक: अनघा
सोनल, बरं झालं लिहिलंस. यावर उपाय आहे आणि तो डीडमध्येच असतो. विद्यापीठाच्या दप्तरातली विद्यार्थ्यांची वैयक्तिक नोंद बेंटली ७५ वर्षं बंद ठेवते. आपल्या खोक्यांसाठीही तशी मुदत डीडमध्ये लिहून मागता येते. याद्यांची आणि मदतनिधीची फाइल वेगळ्या पाकिटात, वर "मर्यादित" असं लिहून, पण त्याच खोक्यात त्याच जागी. आय-२०च्या झेरॉक्स मात्र काढून घ्या आणि श्रेडरमध्ये घाला. त्या गटाने ठेवायलाच नको होत्या आणि त्यातून कोणाला काही कळणारही नाही. अर्ज फाडू नका. परदेशात एकट्या पडलेल्या पोरांना कोणी कसं सांभाळलं, हे ७५ वर्षांनी त्याच कागदांवरून कळेल.
एकांकिकेचं: कागद देणं वेगळं आणि कॉपीराइट देणं वेगळं. ज्याने लिहिली तो स्वतः देईपर्यंत कॉपीराइट त्याचाच. कॅसेटवर व्यावसायिक नाटकांचं चित्रीकरण असेल तर ते जपायला हरकत नाही, ऑनलाइन टाकता येणार नाही.

प्रेषक: श्रीकांत
७५ वर्षं म्हणजे माझ्या पणतवंडांनी वाचायचं. वाचू देत. अर्जांपैकी एक माझ्या खोलीतल्या मित्राचा आहे, त्याला फोन करून विचारतो.

प्रेषक: विद्या
राजेंद्र, तू फोटोंसाठी अडून बसला आहेस म्हणून तुलाच लिहिते.
आनंदीबाई जोशींचा तो फोटो आठव. फिलाडेल्फिया, १० ऑक्टोबर १८८५. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली. तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजात परदेशातून आलेल्या तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या वेशात. आनंदीबाई पुढच्याच वर्षी एम. डी. झाल्या आणि १८८७मध्ये गेल्या. तो फोटो आज आपल्याला दिसतो, कारण त्या मेडिकल कॉलेजचे कागद टिकले आणि आता ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आणि तिघी कोण हे कळतं, कारण फोटोखाली त्यांची नावं आणि गावं कोणीतरी लिहून ठेवली. नावं नसती तर लुगड्यातली एक अनोळखी बाई, एवढंच.
आपल्या अल्बममधल्या पहिल्या बॅचची नावं सांगू शकणारे आता किती उरलेत? माझ्या मते सहीइतकीच ही घाई आहे. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडे या. काकांना आणि जुन्यांना बोलवा, अल्बम मधे ठेवून बसू. सोनल, तू लिहून घे, आमची अक्षरं आता वाचवत नाहीत.
विद्या

प्रेषक: राजेंद्र (स्मरणिका समिती)
विद्याताई, मी अडून बसलेलो नाही. स्मरणिका पन्नास वर्षांतून एकदा निघते आणि त्यातल्या चुकांसाठी लोक मलाच फोन करतात. गुरुवारी स्कॅनर घेऊन येतो. फ्लॅटबेड आहे, अल्बमचं पान अख्खं बसतं. ६०० डीपीआय, टिफ. एक प्रत समितीला, एक बेंटलीला, एक साडाला. मूळ जाऊ देत. वार्षिक अंकांच्या जादा प्रती असतील तर एक संच मी स्वतः देईन, पण पावतीवर "स्मरणिका समितीकडून" असं यावं.

प्रेषक: श्रीकांत
घटना सापडली. टंकलिखित आहे, कडा पिवळ्या पडल्यात, वाचता येते. शेवटचं कलम: गट विसर्जित झाल्यास देणी भागवून उरलेली मालमत्ता स्थानिक मराठी मंडळाकडे जाईल. म्हणजे अध्यक्षांची सही चालते. कलम स्पष्ट आहे, माझी हरकत नाही. घटनेची ही प्रतही खोक्यात घाला, अनघाने सांगितलं तशी, फाइल न बदलता.
मित्राशी बोललो. तो म्हणाला, अर्ज ठेवा, माझं नाव झाकू नका. बराच वेळ बोललो. त्या हिवाळ्यात भाडं भरायला त्याला १२० डॉलर मिळाले होते, आणि दुसऱ्याच सेमिस्टरला त्याने ते निधीला परत केले. त्याची पावतीही त्याच फाइलमध्ये असेल म्हणाला, बघा.

प्रेषक: मेधा (चिटणीस)
सगळ्यांचे आभार. आता ठरलं ते असं.
घटनेचं कलम स्कॅन करून मी बेंटलीच्या बाईंना आजच पाठवते, त्यांचा होकार आला की अध्यक्ष सही करतील. डीडमध्ये याद्या आणि मदतनिधीच्या फाइलसाठी ७५ वर्षांची अट, शब्दरचना अनघा बघेल. काकांच्या मित्राने त्याचा अर्ज खुला ठेवायचं लेखी कळवलं तर तेवढा वगळू. एकांकिका कोणाची हे कळलं नाही. पहिल्या पानावर फक्त आद्याक्षरं आहेत, "वि. ग." ओळखत असाल तर लिहा.
गुरुवारी सहाला विद्याताईंकडे. ट्रॉटरमधून अल्बमचं एकच खोकं आणायची परवानगी घेतली आहे, बाकीची हलवायची नाहीत. पेन्सिली आणि चिठ्ठ्या सोनल आणेल, स्कॅनर राजेंद्र, थंबड्राइव्ह प्रसाद. अल्बम उघडा असेपर्यंत टेबलावर चहा नाही, चहा आतल्या खोलीत.
शुक्रवारी खोकी उचलायला दोन तरुण माणसं हवीत, जड आहेत. आणि याहू ग्रुपच्या मेल कोणाकडे आहेत हे अजून एकानेही कळवलेलं नाही.
मेधा

प्रेषक: प्रसाद
२००३पासूनच्या माझ्याकडे असाव्यात, जुन्या लॅपटॉपवर. चार्जर शोधतोय. शुक्रवारी उचलायला मी येतो.