मदत हवी आहे: ‘सेल्मा’ ऑस्करमध्ये मागे का पडला?

मंडळी, आमच्या फिल्म क्लबमध्ये मला चरित्रपटांवर बोलायचंय आणि एका जागी गाडी अडलीये.

२०१४ सालचे तीन चरित्रपट घ्या. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगवरच्या ‘द इमिटेशन गेम’ला ऑस्करची ८ नामांकनं, हॉकिंगवरच्या ‘द थिअरी ऑफ एव्हरीथिंग’ला ५. आणि मार्टिन ल्यूथर किंगवरच्या ‘सेल्मा’ला फक्त २: सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि गाणं. गाण्याचं मिळालंही. पण दिग्दर्शिका एव्हा ड्युव्हर्ने आणि किंग साकारणारा डेव्हिड ओयेलोवो, दोघंही यादीबाहेर! समीक्षकांनी तर तिन्हींत ‘सेल्मा’चंच जास्त कौतुक केलं होतं.

मला सापडलेली कारणं अशी. सिनेमा उशिरा पूर्ण झाला, त्यामुळे कलाकार-दिग्दर्शकांच्या संघटनांच्या सदस्यांना त्याच्या डीव्हीडी वेळेत गेल्याच नाहीत. शिवाय सिनेमाने किंगच्या काळातले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना खलनायक केलं, अशी ओरड जॉन्सन यांच्याच एका माजी सहकाऱ्याने ऐन पुरस्कारांच्या मोसमात केली. (ट्युरिंगच्या सिनेमातही इतिहासाची बरीच मोडतोड आहे, तिथे मात्र सगळं खपून गेलं.) त्या वर्षी अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना होती, हेही विसरता येत नाही.

ऑस्कर देणाऱ्या अकादमीत अभिनयाची नामांकनं अभिनेते ठरवतात, दिग्दर्शनाची दिग्दर्शक. चित्रपटासाठी मात्र सगळे सदस्य मत देतात. म्हणून मला डीव्हीडीचं कारण अभिनय-दिग्दर्शनापुरतं, म्हणजे अर्धंच पटतं.

तुम्हाला काय वाटतं? वितरण, प्रचार की वंशभेद, जास्त वजन कशाला द्यावं? स्टुडिओंच्या ऑस्कर प्रचारावर काही चांगलं वाचलं असेल तर तेही सुचवा.