'द प्रेस्टीज': कटरने पहिल्या झटक्यात सांगितलं, मग अँजियर ऐकत का नाही?

उशिराची गाडी

(सगळी रहस्यं फोडणारी चर्चा आहे. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून या, मग भांडू.)

नोलनचा 'द प्रेस्टीज' (२००६) पुन्हा पाहिला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चिडचिड झाली. तेव्हा शेवटाने पार गार केलं होतं. या वेळी शेवट (प्रतिस्पर्धी जादूगार बोर्डन म्हणजे खरं तर एकच आयुष्य वाटून जगणारे दोन जुळे भाऊ) ठाऊक असल्यामुळे सगळं लक्ष ह्यू जॅकमनच्या अँजियर या जादूगारावर होतं, आणि खरं सांगू, हा माणूस मला ठार मूर्ख वाटला.

बघा ना. बोर्डन चेंडू टाकतो, एका कपाटात शिरतो, दुसऱ्या टोकाच्या कपाटातून बाहेर येऊन तोच चेंडू झेलतो. कटर (मायकेल केन) म्हणजे जादूगारांना यंत्रं बनवून देण्यात हयात गेलेला माणूस. तो एका वाक्यात सांगून मोकळा होतो: डबल, म्हणजे त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माणूस, वापरतोय. अँजियर म्हणतो, छे, इतकं सोपं नसणार. पुढे आपली मदतनीस ऑलिव्हिया हिला तो बोर्डनकडे हेर म्हणून धाडतो, तर तीही येऊन तेच सांगते. रंगभूषेचं सामान, चष्मे, केसांचे टोप तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. यावर साहेबांचं म्हणणं, ते मुद्दाम पसरून ठेवलेलं असतं, आपली दिशाभूल करायला! आणि मग निघाले लंडन सोडून अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला, विजेचे प्रयोग करणाऱ्या टेस्लाच्या दारात.

हा पटकथेचा आळस नाही का? प्रेक्षकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवायचं, म्हणून पात्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची? 'त्याला वेड लागलं होतं' हे उत्तर कृपया नको. ते कशालाही चालतं.

नाठाळ

आळसच. दीड तास आपल्याला शिकवायचं की जादू म्हणजे निव्वळ युक्ती, त्यामागे दोऱ्या, कप्पे आणि घाम असतो. आणि नंतर टेस्लाकडून माणसाच्या प्रती काढणारं यंत्र आणायचं! खुनाच्या गोष्टीत शेवटच्या प्रकरणात भुताला अटक करावी तसं झालं. विजांच्या लोळांतून चालत येणारा टेस्ला, म्हणजे डेव्हिड बोवी, मात्र झकास. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पत्तेवाला

मूर्ख नका हो म्हणू त्याला. मी हौशी जादूगार आहे. पत्ते आणि नाणी, त्यापलीकडे मजल नाही. पण प्रेक्षकांत बसलेला अँजियर मला प्रत्येक कार्यक्रमात भेटतो.

नाणं गायब करायची अगदी पहिल्या धड्यातली युक्ती सांगतो, यात गुपित फोडल्याचं पाप नाही. नाणं डाव्या हाताच्या बोटांत धरायचं. उजव्या हाताने ते घेतल्याचा आव आणायचा आणि त्याच क्षणी डाव्या तळव्यात पडू द्यायचं. मग रिकामी उजवी मूठ पुढे न्यायची. खरं काम पुढेच आहे: तुमची स्वतःची नजर त्या रिकाम्या मुठीमागे जायला हवी, आणि डावा हात कंटाळल्यासारखा खाली यायला हवा. नजर डावीकडे अडखळली की खेळ खलास. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच. एखाद्याला सांगितलं, की बाबा रे, नाणं दुसऱ्या हातात होतं, तर तो रागावतो. 'नाही, खरं सांगा.' थक्क झालेल्या माणसाला तेवढंच भारदस्त उत्तर हवं असतं, आणि आमच्या धंद्यातली उत्तरं दळभद्री असतात.

आता तुम्ही म्हणाल, अँजियर तर स्वतःच जादूगार, त्याला हे कळायला नको? कळतंच. तो स्वतः डबल वापरतो! रूट नावाचा दारुडा नट उभा करून तो तोच प्रयोग जास्त थाटात करतो. म्हणजे डबलने काम भागतं हे त्याला पक्कं माहीत आहे. मग अडतं कुठे?

तो प्रसंग पुन्हा पाहा. अँजियर दारातून जातो आणि चोरदारातून रंगमंचाखाली पडतो. वर रूट प्रकट होतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. खाली अंधारात, फळ्यांखाली उभा राहून अँजियर त्या टाळ्यांना वाकून अभिवादन करतो. बघायला कोणी नाही. टाळ्या दुसऱ्याच्या. माझ्या मते अख्खा चित्रपट त्या तळघरात आहे. त्याला ही व्यवस्था चार दिवससुद्धा सोसत नाही. दुसरा कोणी जन्मभर खाली राहू शकेल, नाव नाही, चेहरा नाही, टाळी नाही, ही कल्पनाच त्याच्या डोक्यात शिरत नाही. 'इतकं सोपं नसणार' असं तो म्हणतो, पण त्याला अशक्य वाटतंय ते वेगळंच: इतकं अवघड कोणी पत्करेल हे.

बोर्डनला मात्र ते सुरुवातीलाच उमगलेलं असतं. चंग लिंग सू आठवतो का? तो म्हातारा चिनी जादूगार झग्याखाली, गुडघ्यांमध्ये, पाण्याने भरलेलं माशांचं भांडं धरून चालतो. ते कोणाला कळू नये म्हणून रस्त्यावरही आयुष्यभर लंगडत राहतो. बोर्डन त्याला घोडागाडीत चढताना पाहतो आणि म्हणतो, खरा प्रयोग हा आहे. आणि गंमत बघा, ऑलिव्हिया जेव्हा टोप आणि चष्म्यांचं सांगते, तेव्हा अँजियर तिला समजावतो की बोर्डन सदासर्वकाळ सोंग वठवत जगतो, तो तसाच आहे. उत्तर त्याच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडतं आणि तो त्यावरून पुढे निघून जातो! याला मी आळशी पटकथा कशी म्हणू?

जाता जाता, खरा चंग लिंग सू चिनी नव्हताच. विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. माशांच्या भांड्याचा प्रयोग मूळचा चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराचा. याने प्रयोग उचलला, नाव जवळपास उचललं, शेंडीही ठेवली, आणि इंग्रजी येत नाही असं दाखवत दुभाष्यामार्फत बोलत राहिला. १९०५ मध्ये दोघंही लंडनमध्ये होते. खऱ्याने खोट्याला जाहीर आव्हान दिलं आणि ऐन वेळी खराच फिरकला नाही. पुढे मार्च १९१८ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन एम्पायरमध्ये बंदुकीची गोळी झेलण्याच्या प्रयोगात याला खरीच गोळी लागली. नळीखालच्या गुप्त कप्प्यातली दारू तेवढी उडायची आणि गोळी नळीतच राहायची, अशी ती बंदूक. ती झिजली होती. पडदा पाडा, असं तो रंगमंचावरून चक्क इंग्रजीत म्हणाला. दुसऱ्या दिवशी गेला.

नाठाळ

हे सगळं ठीक, पण माझं यंत्र कुठे गेलं? त्याला उत्तर नाही तुमच्याकडे.

पत्तेवाला

आहे की. तळघराचं गाऱ्हाणं लक्षात ठेवून यंत्राकडे बघा. अँजियरला खाली थांबायचं नाही, टाळ्याही वाटून घ्यायच्या नाहीत. यंत्र त्याला नेमकं हेच देतं. आता वर प्रकट होणाराही अँजियर आणि खाली पडणाराही अँजियर. खालच्याला पाण्याच्या टाकीत बुडवायचं, म्हणजे हिस्सेदारीचा प्रश्न मिटला. बायको प्रयोग करताना ज्या तऱ्हेच्या टाकीत बुडून गेली तशाच टाकीत, तेही रोज रात्री. दोन भावांनी जे एकमेकांना अर्धं अर्धं आयुष्य देऊन साधलं, ते हा एकट्याने दर प्रयोगाला एक मुडदा पाडून साधतो. भुताला अटक नाही ही, त्याच्या स्वभावाचंच यंत्र करून दिलंय.

शेवटी तो म्हणतो ना, की दर रात्री यंत्रात शिरायला धाडस लागायचं, कारण पेटीत बुडणारा मी असेन की टाळ्या घेणारा, हे माहीत नसायचं. मला ते वाक्य त्याची सगळ्यात मोठी बढाई वाटते. यंत्राखालच्या चोरदारातून पडतो तो नेहमीच बुडतो. जो सज्जात उभा राहतो, त्याला आठवतं काय? मागच्या सगळ्या रात्री मीच वाचलो. बुडालेल्याची आठवण पुढे जातच नाही. तेव्हा पुढच्या रात्रीही तो त्याच भरवशावर शिरतो.

शाईपेन

प्रीस्टच्या मूळ कादंबरीत (१९९५) ही टाकी नाहीच. तिथे यंत्रातून माणूस दुसरीकडे पोचतो आणि जुनं शरीर निष्प्राण होऊन जागेवर राहतं. भांडणाची सुरुवातही बायकोच्या बुडण्याने होत नाही. मृतात्म्यांशी बोलणी करून देण्याच्या एका बैठकीत बोर्डन फसवणूक उघडी पाडायला घुसतो, तिथून होते. शिवाय आजच्या काळातल्या वंशजांची एक चौकट आहे, ती नोलन बंधूंनी सरळ काढून टाकली. मला कादंबरी जास्त आवडते, पण बुडण्याची कल्पना चित्रपटाला जास्त शोभते हे मान्य.

गुपितासाठी माणसं फोडणं हे मात्र तेव्हाच्या जगात काही नवल नव्हतं. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मॅस्केलिन हा जादूगार माणसाला हवेत तरंगवायचा. अमेरिकेचा जादूगार हॅरी केलर तो प्रयोग पाहून असा पछाडला, की शेवटी त्याने मॅस्केलिनकडचा पॉल व्हॅलाडन हा जादूगारच आपल्याकडे ओढला. हेरगिरीला ऑलिव्हियाला पाठवणं त्यापुढे बाळबोध म्हणायचं.

आणि ज्यांना चित्रपटातला पिंजऱ्यातला पक्षी मरण्याचा प्रसंग बघवला नाही त्यांच्यासाठी: पिंजरा गायब करण्याच्या प्रयोगात पक्षी मरतो हा संशय खऱ्या आयुष्यातही होता. १९२१ मध्ये कार्ल हर्ट्झ या जादूगाराने ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर तो प्रयोग करून पक्षी जिवंत दाखवला होता.

उशिराची गाडी

पत्तेवाला, तळघराचं पटलं. पण मग बोर्डनच्या बायकोचं, साराचं काय? ती तर टाळ्यांसाठी हपापलेली नव्हती. एकाच छताखाली दोन वेगळ्या माणसांबरोबर राहते आणि तिलाही कळत नाही? की कळलेलं असतं? रिबेका हॉलचं काम इतकं नितळ आहे की मला ठरवताच येईना.

पत्तेवाला

मला वाटतं, कळलेलं असतं, फक्त म्हणायला शब्द नसतो. ती पहिल्यापासून त्याच्या डोळ्यांत बघून सांगते, की आज तुझं माझ्यावर प्रेम आहे, आज नाही. तो ते खेळासारखं घेतो. आणि बोटांचा प्रसंग! गोळीच्या प्रयोगात बोर्डनची दोन बोटं जातात. काही दिवसांनी ती जखमेवरची पट्टी बदलत असते आणि म्हणते, अरे, हे पुन्हा कसं वाहायला लागलं, अगदी पहिल्या दिवसासारखं? दुसऱ्या भावाची बोटं छिन्नीने नुकतीच तोडलेली असतात, आणि आपल्याला ते कळायला शेवटापर्यंत थांबावं लागतं. पुरावा तिच्या मांडीवर आहे, रक्ताळलेला. ती काय करते? डॉक्टरचं बघते. अँजियरला उत्तर नको होतं, हिला नवरा हवा होता.

शेवटच्या भांडणात तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे असं ती म्हणते, तेव्हा तिला नेमकं किती कळलंय हे पटकथा सांगत नाही. ते बरंच आहे. माझा राग दोघांतल्या त्या दुसऱ्या भावावर, ज्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं. तिने थेट विचारल्यावर 'आज नाही' म्हणतो तो. खरं बोलायला हाच दिवस सापडला का रे तुला? गुपित पाळायला जन्म घातलास, अजून एक संध्याकाळ खोटं बोलला असतास तर काय बिघडलं असतं?

शाईपेन

अगदी. आणि अँजियरच्या बायकोच्या अंत्यविधीला तो बोर्डनला विचारतो, टाकीत उतरण्याआधी तिला बांधताना कुठली गाठ मारली होतीस, तर 'माहीत नाही'. तेही खरंच असेल. गाठ मारणारा कदाचित घरी बसला होता.

उशिराची गाडी

आता माझाच मुद्दा मी आणखी घट्ट करते, पण पत्तेवाल्यांच्या बाजूने. अँजियर फॅलनला, म्हणजे दाढी लावून बोर्डनचा नोकर बनून वावरणाऱ्या दुसऱ्या भावाला, पळवून पेटीत घालून जिवंत पुरतो, ते आठवा. म्हणजे ज्या गुपितासाठी जग पालथं घालतोय, ते खुद्द त्याच्या ताब्यात आहे. दाढी ओढली असती तरी पुरे होतं. आणि हा वर उभा राहून बोर्डनकडे प्रयोगाची रीत मागतो. बोर्डन कागदावर 'टेस्ला' लिहून देतो, हा खूश होतो, आणि किती जलद खणता येतं ते बघ असं सांगून निघून जातो. फॅलन त्याच्यासाठी निव्वळ नोकर होता. नोकराचं तोंड कोण बघतं?

पटकथेचा आळस हा आरोप मागे. अँजियरवरचा राग कायम.

नाठाळ

दाढीचा मुद्दा बिनतोड. यंत्राबद्दल मी अजून हटलेलो नाही, पण डोंगरातला तो यंत्रातून निघालेल्या टोप्यांचा ढीग बघायला आज रात्री पुन्हा लावतोय.