शहराच्या मध्यभागी घरं हवीत हे मान्य, पण अनुदान कुठल्या इमारतीला?

ओळंबा
व्यापारी भाग संध्याकाळी ओस पडतो, कार्यालयांचे मजले रिकामे राहतात. यावर ठरलेला उपाय म्हणजे रिकाम्या कार्यालयांची घरं करायला परवानगी. पण नुसत्या परवानगीने घरं उभी राहत नाहीत. लॉस एंजेलिसने १९९९ च्या नियमात १ जुलै १९७४ पूर्वीच्या इमारतींना नवं पार्किंग बांधायची सक्ती काढली आणि घरांच्या संख्येवरची मर्यादाही उठवली. जुन्या इमारतीखाली पार्किंग खणणं जवळपास अशक्यच, त्यामुळे ही एक अट गेली तरी बराच मार्ग मोकळा होतो. कॅलगरीने २०२१ पासून थेट पैसे दिले, प्रति चौरस फूट ७५ कॅनेडियन डॉलर. माझं मत: आधी अटी काढा, तरीही गणित बसत नसेल तर पैसे द्या, आणि तेही भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावरच.

नळजोडणी
चौरस फुटाला सरसकट दर ठेवला की नको त्या इमारती रांगेत पुढे येतात. आधी मजल्याचा नकाशा बघा. लिफ्ट-जिन्याच्या गाभ्यापासून खिडकीपर्यंत ८-९ मीटर असतील तर घरं सहज बसतात. एसी गृहीत धरून बांधलेल्या कार्यालयांत हे अंतर १२ ते १५ मीटर असतं. खिडकीचा उजेड तिच्या वरच्या कडेच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पट आत पोचतो, म्हणजे फार तर ६-७ मीटर. मागच्या अंधाऱ्या पट्ट्यात मग 'बेडरूम' दाखवली जाते. इंग्लंडने २०१३ मध्ये कार्यालयांची घरं करायला नेहमीच्या नियोजन परवानगीची गरजच ठेवली नाही. बिनखिडक्यांची खुराडी निघाली. २०२० मध्ये राहत्या खोल्यांना नैसर्गिक उजेड आणि २०२१ मध्ये किमान ३७ चौरस मीटर अशा अटी मागाहून घालाव्या लागल्या.

दुसरं म्हणजे सांडपाणी. कार्यालयात सगळी स्वच्छतागृहं गाभ्याला चिकटून असतात. घरं केली की प्रत्येकाला स्वतःचं संडास-न्हाणीघर आणि स्वयंपाकाची मोरी हवी. १०० मिमीचा मैलापाइप १:६० उताराने १० मीटर आडवा न्यायचा तर १६-१७ सेंमी खाली उतरतो, शिवाय ट्रॅप आणि बेंड. हे सगळं खालच्या घराच्या छतात. मजल्याची उंची ३.६ मीटर किंवा जास्त असेल तर जागा मिळते, पण मध्ये खोल बीम आडवा आला की पाइप त्याच्याखालून जातो आणि न्हाणीघराचं छत डोक्याला लागतं. उतार कमी करून वेळ मारून नेली तर वर्षभरात चोक-अप. उभे पाइप वाढवायचे तर प्रत्येक स्लॅबला भोकं. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत ताणलेल्या पोलादी केबल असलेला) असेल तर आधी रडार-स्कॅन करून केबल शोधल्याशिवाय कोअर-कटिंग, म्हणजे भोकं पाडणं, नको. ग्राउट न केलेली (भोवती सिमेंट न भरलेली) केबल कापली गेली की तिच्या पूर्ण लांबीतला ताण जातो.

ओळंबा
खोल मजल्यालाही तोड आहे. न्यूयॉर्कच्या २५ वॉटर स्ट्रीटला मधून आकाशाला उघडे असे दोन चौक कापून काढले आणि वर १० मजले चढवले.

नळजोडणी
बरोबर, पण ते जमलं कशामुळे? कापलेलं क्षेत्रफळ वर बांधता आलं म्हणून. तुमच्या शहरात चटईक्षेत्र (भूखंडावर बांधायला मंजूर असलेलं क्षेत्रफळ) आधीच संपलेलं असेल आणि पायाही जेमतेम असेल, तर चौक कापणं म्हणजे नुसता तोटा. पैशांऐवजी 'जेवढं कापाल तेवढं वर बांधा' ही मुभा द्या, पायाची तपासणी सक्तीची करून. रोख द्यायची झालीच तर उभ्या पाइपांसाठी द्या, चौरस फुटांसाठी नको.

रात्रपाळी
माणसं राहायला आली की पहिल्याच महिन्यात तक्रार कशाची? आवाजाची. पहाटे माल उतरवणाऱ्या गाड्या, कचऱ्याचे ट्रक, रात्री संगीताची ठिकाणं. भांडण मिटतं ते आधीपासून असलेल्याला गप्प करून. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये नियम उलटा केला: संगीताच्या ठिकाणाशेजारी जो नवीन घरं बांधेल, आवाज अडवायचा खर्च त्याचा. मोजणी मात्र नुसत्या डीबी(ए) मध्ये, म्हणजे कानाला ऐकू येतं त्या प्रमाणात मोजलेल्या डेसिबलमध्ये, करू नका. त्या मापनात ६३ आणि १२५ हर्ट्‌झचा, म्हणजे खर्जातला, दणका कमी धरला जातो आणि झोप नेमकी त्यानेच मोडते. दोन काचांत १०० मिमीहून जास्त फट ठेवली तर फरक पडतो. पण मग खिडकी बंदच ठेवायची, म्हणजे ताज्या हवेची यांत्रिक सोय नकाशातच हवी. ती नंतर बसवता येत नाही, छत आधीच पाइपांनी भरलेलं असतं.

चटईक्षेत्र
मुळात घाई कशाला? कार्यालयांची मागणी वर-खाली होते, घरं मात्र कायमची. शंभर मालकांना फ्लॅट विकले की ती इमारत पुन्हा पाडून बांधणं विसरा. आणि सवलतीच्या अटी मोघम असल्या की कोर्टकज्जे. कार्यालयांची घरं करणाऱ्यांसाठीच्या न्यूयॉर्कच्या १९९५ च्या ४२१-जी करसवलतीत भाडेनियंत्रण नेमकं कुठल्या घरांना, हा वाद चालत चालत २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मिटला, तोही भाडेकरूंच्या बाजूने.

ओळंबा
फ्लॅट विक्रीचा मुद्दा मान्य. मग अनुदान फक्त एकाच मालकाच्या भाड्याच्या इमारतींना द्या, २०-२५ वर्षं सुटे फ्लॅट न विकण्याच्या नोंदणीकृत करारावर.

चटईक्षेत्र
आणि मालकाचं दिवाळं निघून बँकेने ताबा घेतला तर? करार बँकेवर बंधनकारक राहील असं कर्जाच्या कागदात आधीच लिहून घ्यावं लागेल. कुठली बँक सही करेल ते सांगा, मग पुढे बोलू.