जहाजावरील अँटेनाचे कंट्रोल युनिट दुरुस्त करावे की बदलावे?

सातपूरकर : नमस्कार. माझे मेहुणे मुंबई बंदरात एका टगवर (मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर) काम करतात. त्या टगवर टीव्हीसाठी घुमटातला, बोट डोलली तरी उपग्रहावर रोखलेला राहणारा अँटेना आहे. महिनाभरापासून त्याचे केबिनमधील कंट्रोल युनिट चालू होते, पडद्यावर ‘इनिशिअलायझिंग’ दिसते, वर घुमटात पाच-सहा सेकंद मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि युनिट बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सातपूरला माझे दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप असल्यामुळे त्यांनी युनिट काढून एसटीने पाठवले आहे. त्याच मॉडेलचे जुने युनिट घ्यावे का? बजेट २५,००० रुपये आहे. त्यापुढे मालक एक रुपया देणार नाहीत.

दर्यादिल : जुन्या मालाच्या नादी लागू नका. आमच्या बार्जवर (सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर) आम्ही घुमटासकट संपूर्ण नवा संच बसवला आणि भर पावसाळ्यातही एक क्रिकेट सामना चुकला नाही. किंमत सांगत नाही, कारण ती तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे आहे, पण चांगल्या वस्तूला पैसे मोजावेच लागतात.

निवृत्त_ईटीओ : जहाजावर ईटीओ, म्हणजे इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर होतो, म्हणून सांगतो, युनिटला दोष देण्याची घाई करू नका. चालू होताच अँटेना आपली मूळ जागा शोधतो, मोटर जास्त करंट ओढते आणि त्या क्षणी व्होल्टेज खाली बसले, तर नेमके तुम्ही सांगता तसेच घडते. याचा दोष युनिटच्या पॉवर सप्लायमध्ये असेल, गंजलेल्या कनेक्टरमध्ये असेल किंवा वर अडकलेल्या बेअरिंगमध्येही असेल. जहाजाचे तोंड कुठे आहे हे सांगणारी जायरो होकायंत्राची माहिती (‘एचडीटी’ नावाचा संदेश) येत नसती, तर अँटेना उपग्रह शोधत गोल फिरत राहिला असता. युनिट बंद पडले नसते. अँटेनाची केबल सोडून युनिट तासभर चालवून पाहा. आणखी एक, घुमट उघडण्यापूर्वी वीज तोडा. मोटर अचानक फिरते आणि बोटे सापडतात.

सिडकोवासी : एवढा खटाटोप कशाला? माझ्या गच्चीवरची छत्री आठ वर्षे हललेली नाही. तसलीच एक टगवर ठोकून द्या.

निवृत्त_ईटीओ : आपली गच्ची डोलत नाही, टग डोलतो. दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’ सेवेचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईतून तो आग्नेयेला, साधारण ५८ अंश उंचीवर दिसतो. टगने वळण घेतले की ठोकलेली छत्री भलतीकडेच पाहू लागेल.

गंगापूररोड : परवान्याचा विचार केला आहे का? समुद्रावर उपग्रह उपकरण म्हणजे सरकारी भानगड असते.

दर्यादिल : परवान्याची भानगड प्रक्षेपण करणाऱ्या व्हीसॅटला (उपग्रहामार्फत दुतर्फा संपर्क करणाऱ्या छोट्या केंद्राला) असते, हा अँटेना नुसता ग्रहण करतो. आणि मी पुन्हा सांगतो, नवा संच घ्या.

ओझरकर : माझी हयात विमानांच्या वायरिंगमध्ये गेली, त्यामुळे खात्रीने सांगतो की दोष कनेक्टरमध्येच आहे. खाऱ्या हवेने आतली तार हिरवी पडते आणि मीटरवर केबल ठीक दिसते, कारण मीटर भार टाकत नाही. (वर ईटीओंनी हेच सांगितले आहे, पण त्यांनी ‘असेल’ म्हटले, मी ‘आहे’ म्हणतो.) जुने युनिट घेतलेच, तर त्यातले सॉफ्टवेअर घुमटातल्या बोर्डाशी जुळते का, ते आधी विचारा. आणि आत्ताच्या युनिटमधली सर्व सेटिंग्ज लिहून घ्या : उपग्रहांची यादी, नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) रेषेपासून अँटेनाच्या दिशेचा फरक आणि डोलकाठीमुळे सिग्नल अडतो ते कोन.

सातपूरकर : सर्वांचे आभार. केबलविना युनिट दोन तास व्यवस्थित चालले. पॉवर सप्लायवर मोटरइतका भार टाकताच मात्र २४ व्होल्टचे १७ झाले. उघडून पाहिले तर दोन कपॅसिटर फुगलेले होते. ते बदलले, खर्च दोनशे रुपयांच्या आत. नवे नाही, जुनेही नाही, हेच युनिट शुक्रवारी परत पाठवतो आहे.

ओझरकर : आणि कनेक्टर?

सातपूरकर : मेहुण्यांना कापून नवे लावायला सांगितले आहे. ते म्हणतात, आधी चालते का बघू.

निवृत्त_ईटीओ : सेटिंग्ज लिहून घेतल्या ना?

सातपूरकर : नाही. सेटिंग्ज जपून ठेवणारा बॅकअपचा सेल मी कपॅसिटर बदलतानाच काढला होता, त्यामुळे त्या पुसल्या गेल्या. डोलकाठीचे कोन आता टगवर जाऊन नव्याने मोजावे लागतील.

दर्यादिल : म्हणून म्हणत होतो.