लग्नानंतरचं प्रेम, 'टाइम प्लीज' आणि आंब्याचा सीझन

बागायतदारीण, देवगड:

लग्नाला ११ वर्षं झाली. आमची हापूसची बाग आहे. घरात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुलं आणि सीझनभर राखणीला नेपाळी गडी. थंडीत मोहोर आला की फवारण्या सुरू, मग एप्रिल-मे तोडणी, पेट्या, गाडी. या सगळ्या महिन्यांत आमचं दोघांचं बोलणं म्हणजे "रद्दी आणली काय?", "गाडी किती वाजता?", "पाच डझनी किती झाल्या?" एवढंच. भांडण नाही, अबोलाही नाही. मग काय बिनसलंय, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

गेल्या आठवड्यात रात्री उशिरापर्यंत पेट्या भरत होतो. मोबाईल रिकाम्या पेटीला टेकवून 'टाइम प्लीज' लावला. २०१३ चा, उमेश कामत आणि प्रिया बापटचा. नवीन लग्न झालेलं, अजून एकमेकांची नीट ओळखही नाही, तेवढ्यात तिचा जुना मित्र येऊन टपकतो आणि नवऱ्याच्या मनात संशय शिरतो. सिद्धार्थ जाधवच्या एका प्रसंगाला हे इतके मोठ्याने हसले! आणि हसता हसता माझ्याकडे बघितलं, मीही हसतेय का ते. मी आंबा कागदात गुंडाळत होते, तो तसाच हातात राहिला. असं शेवटचं कधी बघितलं होतं, मला आठवेना.

पिक्चर संपल्यावर हे उठून अढीकडे, म्हणजे पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांकडे, गेले. पेंढा बाजूला करून एक आंबा काढला, देठाकडे वास घेतला आणि माझ्या नाकाशी धरून म्हणाले, "बघ गो, झालो काय?" लग्नानंतरच्या पहिल्या सीझनला प्रत्येक अढीचा वास आम्ही दोघं मिळून घ्यायचो. नंतर ते एकटेच घेऊ लागले. का, कधीपासून, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रद्दी आणि गाडी.

पिक्चरमधल्या जोडप्याला निदान दार लावून भांडता येतं. आमच्याकडे दुपारी दार लावलं तर "बरा नाय काय?" विचारत कुणीतरी येतंच. एकत्र घरातले, हंगामी धंद्यातले कुणी आहात का इथे? तुम्ही काय करता? आणि लग्नानंतरच्या गोष्टीचे असे हसते-खेळते पिक्चर अजून असतील तर सांगा.

होडीवाल्याची बायको, मालवण:

ताई, आमच्याकडे उलटं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने घो घरात. पहिले आठ दिवस गोडीचे, नंतर मला तो स्वयंपाकघरात नको होतो आणि त्याला माझा आवाज नको होतो. म्हणजे नुसता वेळ मिळाला म्हणून काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आमचं जमतं ते जाळी दुरुस्त करताना. तो खळ्यात बसून फाटकं जाळं हातात घेतो, मी दुसरं टोक ताणून धरते. दोघांचे हात अडकलेले, उठून जाता येत नाही. समुद्रात काय काय झालं ते तो मला तेव्हाच सांगतो. एरवी "बरा होता" एवढंच. तुमच्या पेट्या म्हणजे आमचं जाळंच की. मुलं झोपल्यावर पेट्या भरायला दोघंच बसा, बाकी कुणाला घेऊ नका.

चाकरमानी, गुहागर:

पिक्चर हवा असेल तर 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तिन्ही भाग ओळीने बघा. पहिला २०१० चा, दुसरा २०१५ चा, तिसरा २०१८ चा. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे, दिग्दर्शक सतीश राजवाडे. तिसरा मला जास्त जवळचा. लग्न झालंय, संसार मजेत चाललाय आणि मूल येणार हे कळल्यावर तिची तयारी नाही.

मी मुंबईत, बायको गावी. गणपती आणि शिमग्याला भेट. फोनवर बोलायचो ते सिलिंडर, फी, आईच्या गोळ्या. आता शनिवारी रात्री ती तिकडे आणि मी इकडे एकच पिक्चर एकाच वेळी लावतो, फोन चालू ठेवून. मध्येच ती हसते ते ऐकू येतं. माझा आठवडा त्यावर जातो.

निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी:

'टाइम प्लीज' आधी नाटक होतं, क्षितिज पटवर्धनने लिहिलेलं 'नवा गडी नवं राज्य'. नाटक आणि सिनेमा, दोन्हींचा दिग्दर्शक समीर विद्वांस. सिनेमातले संवाद असे नेमके लागतात ते त्यामुळेच.

पण मला तुमच्या लिहिण्यातलं एक खटकलं. त्यांनी तुमच्याकडे बघितलं, तुम्हाला भरून आलं, हे तुम्ही आम्हा अनोळखी माणसांना सांगितलंत. त्यांना सांगितलंत का? त्या सिनेमातल्या नवराबायकोचं सगळं घोडं तिथेच अडतं. मनात एक, तोंडावर दुसरंच. दाराला कडी लागो न लागो, हे एक वाक्य अढीपाशी उभं राहूनही बोलता येतं.

बागायतदारीण, देवगड:

बाई, तुमचं वाचून रात्रभर झोप नव्हती. काल संध्याकाळी अढीपाशी दोघंच होतो. सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही हसताना माझ्याकडे बघितलंत, मला फार बरं वाटलं. हे पेंढा सारखा करत राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही. मग म्हणाले, "मियां रोजच बघतंय. तूच पेटयेत बघीत असतस."

मला काय बोलावं सुचेना. खरंच असेल ते.

मिरगाआधी शेवटची तोडणी उरकली की कुणकेश्वरला जायचं ठरलंय, मोटारसायकलवरून, दोघांनीच. मुलांचं काय, असं मी विचारायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, "पोरांका मी बघतंय. उनाचे जाव नको, सांजचे जावा."