नगरच्या फर्स्ट चर्चमध्ये अभंग आणि कीर्तन कुठून आलं?

बडोद्याची नात: आजी गेल्यावर तिच्या पेटीत 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची जुनी प्रत मिळाली. समासात पेन्सिलीने कुठे 'भूप', कुठे 'ओवीची चाल' असं लिहिलंय. तिचं माहेर नगरचं, फर्स्ट चर्चची मंडळी. आम्ही बडोद्यात इंग्रजी उपासनेत वाढलो. चर्चमध्ये टाळ-मृदंग कसे आले? आणि तिच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळेल का?

सावेडीकर: बाई, ती प्रत रद्दीत घालू नका, आधी एवढंच सांगते. माझी हयात या मंडळीच्या गायकवृंदात गेली, म्हणून हक्काने लिहिते.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1831 मध्ये नगरला आले आणि 1833 मध्ये इथे मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन झाली. आम्हाला कुणी 'इंग्रजांचा धर्म' म्हटलं की मला फार लागतं. याच मिशनचे पहिले दोघे, हॉल आणि नॉट, 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला होता! मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा इथल्याच. जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या आणि पुण्यात शाळा काढली. मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय'ही 1842 मध्ये नगरलाच सुरू झालं. 1854 मध्ये हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूपदाची, दीक्षा मिळाली.

पण मंडळी खरी मराठी झाली ती गाण्याने. परदेशी चालींवर बसवलेली गीतं लोक म्हणायचे, पण ती अंगात भिनत नव्हती. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे कवी नारायण वामन टिळक आले. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, मुंबईतला. नंतर ते नगरला मिशनरी ह्यूमसाहेबांच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकवत. ज्ञानोबा-तुकोबा ज्याच्या जिभेवर, तो ख्रिस्ताविषयी अभंगातच बोलणार. आज 'उपासना संगीत' उघडा, पानोपानी टिळक भेटतात.

कीर्तन म्हणजे नुसता भजनाचा कार्यक्रम समजू नका. पूर्वरंगात वचन आणि त्याचा अर्थ, उत्तररंगात आख्यान. मी लहानपणी ऐकलेला 'उधळ्या पुत्र' अजून कानात आहे. बुवा फेटा बांधून उभे, हातात चिपळ्या. मुलगा डुकरांच्या शेंगा खायला निघतो तिथे त्यांनी पेटी थांबवली, नुसत्या आवाजात दोन ओळी म्हटल्या, आणि बायकांच्या बाजूने हुंदके ऐकू आले. बाप धावत सुटतो म्हटल्यावर तबला असा उठला की पुढच्या रांगेतली पोरं उभीच राहिली.

वडाळ्याचा: नोंदीबद्दल सांगतो. नगर शहराची आणि खेड्यांची रजिस्टरं एकच नसतात. आमच्या नेवासे तालुक्यात वडाळ्याला मिशनचं मोठं ठाणं होतं, आसपासच्या गावांतल्या मंडळ्या वेगळ्या. तेव्हा आजीचा जन्म कुठल्या गावचा ते आधी काढा. मग पाळकसाहेबांना लेखी अर्ज द्या: माहेरचं पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, अंदाजे साल. बाप्तिस्मा सापडला नाही तर लग्नाची नोंद बघा. नाताळच्या धावपळीत मात्र जाऊ नका.

बडोद्याची नात: धन्यवाद, दादा. काकू, मी आले तर ऐकायला काय मिळेल? बाहेरच्यांना चालतं का?

सावेडीकर: तुम्ही बाहेरच्या कशा? माहेरची लेक आहात. 1970 पासून आपण अनेक चर्च एकत्र येऊन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहोत, पण रविवारची उपासना मराठीतच होते. जमलं तर कापणीच्या सणाला या. बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, जिवंत कोंबडीसुद्धा वेदीपुढे येते आणि उपासना संपली की लिलाव. एखादा पाच रुपयांचा नारळ पाचशेला घेतो आणि लगेच परत देतो, पुन्हा बोली लावा म्हणून. तो पैसा मंडळीच्या कामाला जातो. येताना आजीची प्रत आणा. त्या पेन्सिलीच्या चाली आमच्या पेटीवाल्याला उतरवून घ्यायच्या आहेत. जुन्या चाली माहीत असलेली माणसं आता थोडीच उरलीत.